धबधब्याला जायचंय? आधी परतीचं बघा!



जुलै उजाडला, दोन-चार सरी पडल्या की आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एकच विषय असतो. "या रविवारी मुक्ताईला जाऊ या का?" मग बाईक कोणाकोणाकडे आहेत, पेट्रोलचे पैसे कोण देणार, मेसच्या पोळ्या बांधून मिळतील का, याची चर्चा रात्री बारापर्यंत रंगते. रेक्टर मॅडमना काय सांगायचं हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी येतो. बहुतेक वेळा तिथेच बेत फिसकटतो, नाहीतर न सांगता जायचं ठरतं. मुलींच्या हॉस्टेलमध्ये फिसकटतो आणि मुलांच्या हॉस्टेलमध्ये न सांगता ठरतो, एवढाच काय तो फरक!

मी दोन वर्षांपासून आमच्या विंगच्या अशा सहलींचं प्लॅनिंग करते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. चंद्रपूर-गडचिरोलीत धबधब्याला जाणं अवघड नाही, पण सह्याद्रीतल्या ट्रेकची पुस्तकं वाचून इथे चालत नाही. इथला पाऊस, नाले, जंगल सगळं वेगळं आहे. म्हणून हा लेख. वाचा, पटलं तर वापरा आणि पुढच्या बॅचला द्या.

सोपी वाट कशाला म्हणायचं?

आपण म्हणतो, चढ कमी म्हणजे वाट सोपी. या हिशेबाने आपल्या भागातले जवळपास सगळेच धबधबे सोपे! इथे राजगड-तोरण्यासारखे कडे नाहीत. पाऊण-एक तास चाललं की पाणी दिसतं. पण माझी व्याख्या वेगळी आहे. जिथून सगळेच्या सगळे, उजेड असताना, आलेल्या वाटेने परत येऊ शकतात ती वाट सोपी. चढ कितीही असो.

उदाहरण घ्या. भामरागड तालुक्यात छत्तीसगडच्या सीमेजवळ बिनागुंडा नावाचं माडिया लोकांचं गाव आहे. तिथला धबधबा फार सुंदर आहे असं ऐकून कोणालाही जावंसं वाटेल. पण भर पावसाळ्यात वाटेवरचे नाले भरतात आणि गावाचा रस्ता बंद होतो. अलीकडे खुद्द भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने वर्षानुवर्षे तुटत आला आहे. म्हणजे धबधब्याजवळचं चालणं सोपं असेलही, पण परतीचा रस्ता आपल्या हातात नाही. असं ठिकाण पावसाळ्यातल्या एका दिवसाच्या सहलीसाठी "सोपं" नाही.

जायचं कुठे?

चंद्रपूरहून एका दिवसात जमण्यासारखी तीन ठिकाणं सांगते.

मुक्ताई: चिमूर तालुक्यात डोमा गावाजवळ. मुक्ताई देवीचं ठाणं आहे, माना समाजाची तिच्यावर मोठी श्रद्धा आहे. पावसाळ्यात लांबून लोक येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हेच बरं, कारण माणसांचा वावर असतो. फक्त रविवारी आणि सुट्टीला खूप गर्दी होते. ओल्या दगडांवर गर्दी म्हणजे धक्काबुक्की आणि घसरणं आलंच. जमलं तर मधल्या वारी जा.

सोमनाथ: मूल तालुक्यात. महादेवाचं देऊळ आणि त्याच्याजवळच पाणी. शेजारी बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीचा प्रकल्प आहे. १९६७ पासून इथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. धबधबा छोटा असला तरी पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

रामदेगी: चिमूर तालुक्यातच, पण ताडोबाच्या बफर क्षेत्रात, निमढेला गेटच्या बाजूला. देवदर्शनाला आणि संघारामगिरीला लोक जातात. मात्र हा वाघांचा रोजचा भाग आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय इथे रस्ता सोडून पायी फिरायचा विचारही करू नका.

कधी जायचं?

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चंद्रपूरला साधारण १२००. त्यामुळे तिथले धबधबे महिनोन्‌महिने वाहतात आणि आपले पाऊस थांबला की काही दिवसांत बारीक होतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की विदर्भात दोन-तीन दिवस झड लागते. मग उघडीप होते. धबधबा पाहायची वेळ म्हणजे ही उघडीप. झड संपून एक-दोन दिवस झाले की नाल्याचं पाणी उतरतं, गढूळपणा जातो आणि धबधब्याला धारही चांगली असते. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर हा काळ मला सगळ्यात आवडतो. जूनमध्ये पहिल्याच पावसाला धावण्यात अर्थ नाही, जमीनच सगळं पाणी पिऊन टाकते.

आता तासांचं. ट्रेकची पुस्तकं म्हणतात पहाटे निघा. आपल्या जंगलात पहाट आणि संध्याकाळ या वाघ, बिबट आणि अस्वलाच्या फिरण्याच्या वेळा. म्हणून हॉस्टेलमधून सकाळी सातला निघा, पण जंगलाच्या वाटेवर पाऊल नऊच्या आधी टाकू नका. आणि दुपारी तीनला सगळे परत गाडीजवळ किंवा गावात हवेत. ऑगस्टच्या मध्याला इथे सूर्य ६:४० च्या आसपास मावळतो, सप्टेंबरअखेर ६:०५ लाच. ढग असले तर झाडीत त्याच्याही अर्धा तास आधी अंधारतं.

चालायला किती वेळ लागेल? विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम दिला. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण तो तयार, धडधाकट माणसाचा हिशेब झाला. चिखल, चपलांचे तुटलेले पट्टे आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढणारी मंडळी धरून आपण ताशी २ ते ३ किलोमीटरच धरायचे. मी नियमाने आलेल्या उत्तराला सरळ २ ने गुणते. फॅक्टर ऑफ सेफ्टी फक्त बीमलाच असतो असं थोडंच आहे!

पाण्याचं गणित

हा भाग सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांनी नीट वाचा. हायड्रॉलॉजीत "टाइम ऑफ कॉन्सेंट्रेशन" शिकवतात. पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पडलेल्या थेंबाला आपण उभे आहोत तिथे पोचायला लागणारा वेळ. काही चौरस किलोमीटरच्या डोंगराळ पाणलोटात हा वेळ तासाभराहूनही कमी असू शकतो. म्हणजे आपल्या डोक्यावर ऊन असतं, वर डोंगरात पाऊस कोसळून गेलेला असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ते पाणी अचानक आपल्यापुढे हजर होतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाणी असंच वाढलं होतं. घोळका करून, एकमेकांना धरून ते प्रवाहात उभे होते. तरीही टिकले नाहीत.

का टिकले नाहीत? आकडे टाकून बघू. वाहत्या पाण्याचा ढकलण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाणी गुडघ्यापर्यंत म्हणजे ५० सेंटीमीटर, दोन्ही पायांची मिळून रुंदी ३० सेंटीमीटर आणि ड्रॅग कोइफिशंट १.२ धरा. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर जोर ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलो वजनाएवढा. वेग २ मीटर झाला की ३६० न्यूटन, म्हणजे ३६ किलो. ३ मीटरला ८१० न्यूटन, म्हणजे ८० किलोच्या वर! आणि पायाखाली शेवाळलेला दगड. पाणी तेवढंच, गुडघ्याएवढंच. फक्त वेग वाढला. त्यामुळे "पाणी तर गुडघ्याएवढंच आहे" हे वाक्य कोणी बोललं की त्याला वेग विचारा.

यावरून काढलेले चार नियम:

१. पोचल्या-पोचल्या पाण्याच्या अगदी काठावर एक ठळक दगड हेरून ठेवा. एकाने अधूनमधून त्याच्याकडे बघायचं. दगड बुडायला लागला की सामान उचला.
२. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, तर फोटो अर्धवट सोडून लगेच उंचावर या.
३. जाताना ओलांडलेला नाला परतीच्या वाटेवर पुन्हा ओलांडायचाच आहे. पाणी वाढायच्या आत त्याच्या अलीकडे या. अडकलातच तर पलीकडच्या काठावर उंच जागी बसून पाणी उतरायची वाट बघा. उशीर परवडतो.
४. धबधब्याखालच्या डोहात उतरायचं नाही. खोली दिसत नाही, खाली दगड असतात. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे त्याची घनता कमी होते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही तरंगणं जड जातं.

शांत पाण्यालाही भुलू नका. नागभीडजवळच्या घोडाझरी तलावात मार्च २०२५ मध्ये पाच तरुण मुलं बुडाली. तिथे ना पूर होता ना पावसाळा.

विजांचंही लक्षात ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" ॲप मोबाईलवर घ्या. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली आणि उघड्या बांधीत उभं राहायचं नाही.

जंगल कोणाचं?

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमची पिकनिक म्हणजे रांगेत दोघी-दोघी हात धरून बागेत जायचं आणि टिफिन खाऊन परत यायचं. नागपुरात नाला म्हणजे घाण पाण्याचा. इथे आल्यावर कळलं की नाला म्हणजे जंगलातून येणारं स्वच्छ, जिवंत पाणी आणि गावात पोचल्यावर विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे "काका, नाल्याले पाणी किती हाय?" गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही बारा जणी एका गावात पोचलो, तर चहाच्या टपरीवरचे काका म्हणाले, "पोरीहो, राती वरतं लय पानी पडलं. आज नोका जाऊ, वाघीण बी पिल्लं घेऊन हिंडून राह्यली." आम्ही तिथेच चहा-भजी खाल्ली, आजींकडून रोवणीच्या गोष्टी ऐकल्या आणि परत आलो. धबधबा पाहिला नाही, पण त्या सहलीची आठवण अजून निघते.

वाघाची गोष्ट गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. पण वाघ काही नकाशा बघून राहत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, चिमूर या भागात शेत आणि जंगल एकमेकांना लागून आहेत आणि वाघ दोन्हीकडे फिरतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण हौसेने जातो, त्या पोटासाठी जातात. ज्या गावात असं घडलं आहे तिथे "वाघ दिसेल का हो?" असं हसत विचारू नका.

गडचिरोलीत आणखी एक भर पडली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला. कळप आज कुठे आहे हे गावकरी आणि वनरक्षकच सांगू शकतात.

म्हणून परवानगी. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ताडोबाचा गाभा तर १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंदच असतो. बाकीच्या जंगलासाठी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. गावालाही विचारा, आणि ते नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनेक गावांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाले आहेत. त्यात पहिल्यांपैकी एक म्हणजे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा), २००९ मध्ये. अशा जंगलात आपण पाहुणे. गावातला एखादा माहीतगार दादा वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या. रोवणीच्या दिवसांत तो आपल्यासाठी कामाचा दिवस मोडतो, हे लक्षात असू द्या.

वाटेवर एकत्र चाला. साध्या आवाजात बोलत राहा म्हणजे जनावराला आपली चाहूल लागते. स्पीकर मात्र नको, त्यात ना पाण्याचा आवाज ऐकू येतो ना कोणाची हाक. एकट्याने झुडपाआड जायचं नाही. वाकून किंवा बसून राहिलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून बसायचं तर मोकळ्या जागी, सगळ्यांनी मिळून. समोर वाघ किंवा अस्वल आलंच तर पळायचं नाही. एकमेकांना चिकटून, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं.

सोबत काय, सोबत कोण?

आठ ते बारा जण पुरेत. पुढे एक, सगळ्यात मागे एक, ही दोन माणसं दिवसभर बदलायची नाहीत. सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा. दर वळणावर मोजणी.

सामान: पकड असलेले बूट (गुळगुळीत चपला नकोत), प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, पोळी-भाजी किंवा चिवडा, टॉर्च, शिट्टी, सुकी कपड्यांची जोडी, प्लास्टिक पिशवीत मोबाईल, लांब काठी, बँडेज आणि ओआरएस. दारू अजिबात नाही, यावर वाद नको.

साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. चावलेला अवयव हलू न देता त्या माणसाला उचलून न्या आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या ग्रामीण रुग्णालयात पोचवा. १०८ ही रुग्णवाहिका, ११२ तातडीची मदत आणि १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन. पण जंगलात रेंज असेलच असं नाही. त्यासाठीच पुढचा कागद.

एक पानी कागद

निघायच्या दोन दिवस आधी एका पानावर हे लिहा आणि रेक्टरांकडे द्या: कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने, कोणत्या गाड्या किंवा कोणती एसटी, सगळ्यांची नावं, रक्तगट, घरचे नंबर, कोणाला दमा, ॲलर्जी, कोणाला पोहता येत नाही, गावातल्या एका माणसाचा नंबर, वनखात्याला कधी विचारलं, काय उत्तर आलं, परतीची वेळ आणि "या वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा" अशी शेवटची वेळ. गडचिरोलीच्या आतल्या भागात जाणार असाल तर जवळच्या पोलीस मदत केंद्रातही कळवा.

खाली एक ओळ ठळक अक्षरात लिहा: "यांपैकी कोणत्याही एकाने 'परत फिरू' म्हटलं तर सगळे परत फिरतील." ही ओळ हॉस्टेलवर, पोट भरलेलं असताना लिहिणं सोपं जातं. धबधब्यासमोर उभं राहून वाद घालणं अवघड.

हा कागद पहिल्यांदा दिला तेव्हा आमच्या रेक्टर मॅडमनी तो दोनदा वाचला, तीन प्रश्न विचारले आणि सही केली. न सांगता जाणाऱ्यांना वाटतं, सांगितलं तर नाहीच म्हणतील. पण त्यांच्या जागी बसून बघा. रात्री नऊ वाजता बारा मुलं हॉस्टेलवर नाहीत आणि ती कुठे गेली हे कोणालाच माहीत नाही, अशा वेळी शोध तरी कुठे सुरू करणार? एक अपघात झाला की पुढच्या सगळ्या बॅचेसच्या सहली बंद होतात हे वेगळंच.

येताना आणि आल्यावर

नेलेलं प्लास्टिक सगळं परत आणा. रामदेगीच्या भागात पाणवठ्यावरून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून जाणाऱ्या वाघाचं चित्रण फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर गाजलं. ती बाटली तिथे वाघाने नेली नव्हती!

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. गडचिरोली मलेरियासाठी ओळखला जातो. शिवाय गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची साथ २०१८ मध्ये विदर्भात आली होती. अंगावर कुठे काळी खपली दिसते का बघा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "मी जंगलात जाऊन आले."

तर मंडळी, सबमिशन संपवा, हवामानाचा अंदाज बघा, कागद लिहा. उघडीप झाली आणि गावातले काका "या" म्हणाले, की खुशाल निघा. आमचा यंदाचा कागद तयार आहे, फक्त तारखेची जागा रिकामी ठेवली आहे. ती पाऊस भरणार!